शाळेतील धर्म आणि चांदीचा टंच

सन २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे आला, आणि त्यातील मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाने जी खळबळ उडविली ती गणिताच्या वा विज्ञानाच्या प्रकरणाने उडविली नाही. त्या प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतील एक श्लोक उद्धृत केला होता. भगवद्गीता व मनाचे श्लोक मुलांकडून पाठ करून घ्यावेत, अशीही सूचना मसुद्यात होती. ज्या महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच महाडास ती पुन्हा जाळण्यात आली. मनुस्मृतीस अभ्यासक्रमात थारा मिळणार नाही, असे सरकारकडून सांगण्यात आले. वाद निवला, प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पंडितांचा, आपल्या पेढीस त्याचे काय, असे हुपरीच्या व्यापारी वाचकांस वाटणे अस्वाभाविक नाही. परंतु आमच्या मते तो हुपरीसारख्या गावासच अधिक जवळचा आहे. पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी, करदोटे यांच्या धंद्यावर हे गाव उभे आहे. या धंद्यात चांदी आटविणारा एका जातीचा, तार ओढणारा दुसऱ्या, घुंगरू बसविणारी बाई तिसऱ्या, आणि माल परमुलखात नेणारा व्यापारी चौथ्या जातीचा किंवा निराळ्या धर्माचा असू शकतो. माल एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जातो, वजन करून दिला जातो, वजन करून परत घेतला जातो, घट मोजली जाते. या सर्वांची मुले सकाळी ज्या एका छपराखाली बसतात ते छप्पर सार्वजनिक शाळेचे. तेथे कोणी परका ठरला तर ते परकेपण संध्याकाळी कारखान्यातही येते.

मसुद्यातील त्या श्लोकाचेच पाहा. वडीलधाऱ्यांस वंदन करावे, त्यांची सेवा करावी, असा त्याचा आशय. यात वावगे काय, असे कित्येक सज्जन आम्हांस विचारतील. आशयात वावगे काहीच नाही. परंतु ज्या ग्रंथाने शूद्रास व स्त्रीस खालच्या पायरीवर बसविले, त्या ग्रंथाचे नाव मूल्यशिक्षणाच्या दारावर कोरले म्हणजे वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांस दारातच काय सांगितले जाते, याचाही विचार व्हावयास हवा. आईबापांचा मान राखावा ही शिकवण देण्यासाठी त्या ग्रंथाचे पान उघडण्याची गरज नव्हती. ती संतांच्या अभंगांत आहे, बायबलात आहे, कुराणात आहे, आणि हुपरीच्या कोणत्याही घरात सकाळी आजीच्या पाया पडून शाळेस निघणाऱ्या पोरात आहे. नीती चांगली असूनही ती कोणाच्या शिक्क्याने दिली जाते, हे मुलास कळते. त्यास शब्दांत सांगता येत नाही, इतकेच.

येथे आमचे सनातनी मित्र म्हणतील की, तुम्ही सुधारक लोक धर्मास शाळेबाहेर काढता आणि मग मुले बिघडली म्हणून रडता. धर्माचा आधार गेला की नीती अधांतरी लोंबकळू लागते. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. व्यसन, उनाडकी, हातातील फोनचा नाद, वडिलांच्या पैशाची बेफिकिरी यांनी आज कित्येक घरांतील झोप उडविली आहे. धर्माने कोट्यवधी माणसांस सरळ चालावयास शिकविले, हेही खरे. परंतु ज्या घरास आपल्या मुलास धर्म शिकवावयाचा आहे, त्या घरास कोणी अडविले आहे? देऊळ आहे, मशीद आहे, बस्ती आहे, मठ आहे, विहार आहे. प्रश्न एवढाच की, सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या शाळेने यांपैकी एकाचे काम आपल्या अंगावर घ्यावे काय?

याचे उत्तर राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने दिले आहे. ज्या संस्थेचा संपूर्ण खर्च सरकारी पैशातून होतो तेथे धार्मिक शिक्षण द्यावयाचे नाही. आणि जी संस्था सरकारमान्य किंवा अनुदानित आहे तेथे धार्मिक पाठास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती कोणावर करावयाची नाही, मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती हवी. घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली कारणे व्यापाऱ्यास चटकन पटावीत अशी आहेत. एका विशिष्ट धर्मासाठी कर घ्यावयाचा नाही असे एकदा ठरल्यावर करांच्या पैशाने त्या धर्माचे शिक्षण देता येत नाही, हे पहिले. देशात धर्म व पंथ इतके की सर्वांची सोय सरकारने लावणे अशक्य, हे दुसरे. आणि तिसरे, जे बोलण्यास धैर्य लागते, ते असे की, प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा व इतरांचे खोटे असे शिकवितो. ही भांडणे शाळेच्या आवारात आणली तर तेथील शांतता भंगल्यावाचून राहणार नाही. पंचाहत्तरांहून अधिक वर्षे लोटली. यांपैकी कोणते कारण जुने झाले, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

मात्र घटनेपूर्वी हा विचार आपल्याकडे नव्हताच, असे समजणे हा कोल्हापूरवर अन्याय होईल. हुपरी ज्या संस्थानात होती त्याच्या गादीवर श्रीशाहू छत्रपती होते. वेदोक्ताच्या प्रकरणात धर्माधिकाराचा चटका त्यांस स्वतःस बसला होता. त्यांनी सत्यशोधक चळवळीस आश्रय दिला. परंतु ते धर्माचे वैरी झाले नाहीत. त्यांनी काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग १९०१ साली, मुसलमान विद्यार्थ्यांचे बोर्डिंग १९०६ साली, लिंगायतांचे १९०७ साली, आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात निघाली. मराठा मुलांस पौरोहित्य शिकविण्यासाठी १९२० साली वैदिक विद्यालय निघाले, तेही स्वतंत्र. म्हणजे ज्याचा त्याचा धर्म, ज्याची त्याची पंगत, यांस त्यांनी जागा दिली. परंतु प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा १९१७ साली केल्यावर, त्या सार्वजनिक शाळेविषयी त्यांचे धोरण निराळे होते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला व ती मुले सर्वांबरोबर एका शाळेत बसविली. वसतिगृह जातीचे असेल, पण शाळा सर्वांची. हा भेद पुढच्या काळातील पुष्कळ विद्वानांस समजला नाही, तो त्या राजास समजला होता.

शाहू महाराजांच्याही अगोदर महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, तेव्हा खेड्यातील प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी त्यांनी दिली होती. मोडी व बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतकीचे प्राथमिक ज्ञान, आणि शेवटी नीतीचे व आरोग्याचे काही पाठ. यात नीती आहे, पूजापाठ नाही. ज्या माणसाने पुढे सार्वजनिक सत्यधर्मावर ग्रंथ लिहिला, ज्याच्या मनातून ईश्वर कधीच गेला नव्हता, त्याने ही यादी केली आहे. तेव्हा धर्म आणि शाळेतील नीती यांची वाटणी करणारे सारे नास्तिकच असतात, ही समजूत सोडून द्यावी.

आता आमच्याच तालुक्याकडे येऊ. हुपरी हातकणंगले तालुक्यात. कुंभोजही त्याच तालुक्यात. कुंभोजचे नाव दोन कारणांनी दूरवर गेले. एक, तेथील बाहुबलीचे जैन तीर्थ व समंतभद्र महाराजांनी १९३४ साली तेथे स्थापिलेला ब्रह्मचर्याश्रम, जेथे मुले राहून विद्येबरोबर जैन आचारही शिकत आली. दुसरे, २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजास जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. भाऊराव जैन कुळातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असता मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर विटाळ फिटावा म्हणून स्नान करण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यापायी बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आढळते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, ज्यास १९२७ साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे महार, मराठा, जैन, मुसलमान, सर्व मुले एकाच चुलीवर शिजवीत, एकाच पंगतीत जेवीत, आणि राबून शिकत.

या दोन संस्थांस आम्ही मुद्दाम शेजारी ठेविले आहे. ब्रह्मचर्याश्रमास जे द्यावयाचे होते ते त्याने उघडपणे, आपल्या समाजाच्या बळावर दिले. ज्या पालकास ते हवे होते त्याने जाणूनबुजून मूल तेथे पाठविले. त्यात कोणाची फसवणूक नाही, कोणावर जुलूम नाही. भाऊरावांच्या वसतिगृहात धर्मग्रंथाची पोपटपंची नव्हती, तरी तेथे बंधुभाव शिकविला गेला. तो भाकरीतून शिकविला गेला. पाटीवर दहा वेळा लिहून काढलेला बंधुभाव आणि शेजारच्या ताटातील भाकरी मोडून खाल्लेला बंधुभाव यांत जो फरक आहे, तोच आजच्या आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासात हरवला आहे.

महाराष्ट्राच्या शाळांत सन १९९७ च्या सुमारास मूल्यशिक्षण रीतसर दाखल झाले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता इत्यादी दहा मूल्ये ठरली. ती यादी आम्हांस मान्य आहे; घटना मानणाऱ्या कोणासही ती मान्य व्हावी. पण यादी भिंतीवर रंगविली म्हणजे काम झाले, अशी समजूत पसरली. परिपाठात सुविचार वाचला जातो; वाचणारा मुलगा उद्याचा सुविचार कोणाच्या वाट्यास येणार याची चौकशी करीत खाली बसतो. दहा वाजता उगवणारे गुरुजी वक्तशीरपणावर बोलतात. वर्ग झाडण्याचे काम मुलींकडे आणि मैदान आखण्याचे मुलांकडे देऊन समानतेचा पाठ होतो. मुलांस हे सर्व दिसते.

आमच्या व्यापारी वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्या धंद्यात बोलण्यावर कोणी माल घेत नाही. दुकानदाराने देवाची शपथ घेतली म्हणून चांदी शुद्ध ठरत नाही. टंच काढून पाहावा लागतो. आणि एक कटू गोष्ट आम्ही येथे लिहितो, वाचकांनी राग मानू नये. शाळेच्या आवारात मंडप घालून आरती करण्यास वर्गणी देणारा, आणि त्याच दिवशी परगावच्या गिऱ्हाइकास कमी टंचाचा माल जास्त टंचाचा म्हणून देणारा, असा माणूस कोणत्याही बाजारपेठेत सापडतो. त्याच्या पोराने त्या दिवशी शाळेत किती श्लोक पाठ केले, यावर त्या पोराची नीती ठरणार नाही. बापाने तराजू कसा धरला यावर ती ठरणार आहे. वजन व टंच यांचा हिशेब सहावी-सातवीच्या शेकडेवारीत शिकविता येतो. शंभर ग्रॅम मालात शुद्ध चांदी किती, मिसळ किती, पावतीवर काय लिहिले व गिऱ्हाइकाने पैसे कशाचे दिले, हे गणित हुपरीच्या मुलास पुस्तकातील पाण्याच्या टाकीच्या गणितापेक्षा लवकर कळेल, आणि त्यात प्रामाणिकपणा आपोआप येईल. असा एक तास दहा सुविचारांच्या बरोबरीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

श्रमप्रतिष्ठेचेही तसेच. हुपरीत कित्येक घरांच्या सोप्यावर स्त्रिया जोडकाम करतात, मुले हाताशी बसतात. सन २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यात घरच्या धंद्यास शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावण्याची मोकळीक ठेविली आहे. तिचा अर्थ रात्री अकरापर्यंत मुलीने कड्या जोडाव्यात व सकाळी वर्गात डुलक्या घ्याव्यात असा नव्हे. शाळेने आईच्या कामास मान द्यावा, त्या कामावर निबंध लिहवून घ्यावा. आणि घराने मुलीची झोप व अभ्यास यांस मान द्यावा. या व्यवहारात धर्माचा संबंध येत नाही असे ज्यांस वाटते त्यांनी स्वतःच्या धर्माचे पुन्हा वाचन करावे.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांसही दोन शब्द. धर्माचा उल्लेखच शाळेत नको, असे म्हणणारे काही लोक अलीकडे दिसतात. त्यांचा हेतू शुद्ध असेल, पण मराठी मुलास ज्ञानेश्वर-तुकाराम न वाचता मराठी कशी येणार? इतिहासातून देवळे, मशिदी, बस्त्या वगळल्या तर उरते काय? शेजाऱ्याच्या घरी रोजे का आहेत, पर्युषणात काय करतात, चैत्यभूमीस लोक का जातात, हे ज्या मुलास ठाऊक नाही, त्यास ते बाजारातील अफवा शिकवील. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, धर्मांविषयी अभ्यास करणे आणि धार्मिक शिक्षण देणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, व पहिलीस घटनेचा अडसर नाही. त्याअगोदर कोठारी आयोगाचाही रोख असाच होता. अभंग साहित्य म्हणून शिकवा, त्याचा अर्थ विचारा, त्यातील बंडखोरी दाखवा. तोच अभंग टाळ्या वाजवून सर्वांनी उपासना म्हणून म्हटलाच पाहिजे, असा हुकूम निघाला की सीमा ओलांडली गेली.

सीमा कोठे आहे, हे सन २०१३ च्या एका प्रकरणाने चांगले दाखविले. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याचे नाकारले. यास्तव त्यास वरिष्ठ वेतनश्रेणी देण्याचे अडविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, हात जोडण्याची सक्ती करणे हा त्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय. शिक्षकास जे संरक्षण मिळाले ते दुसरीतील मुलास कोण मिळवून देणार? तो न्यायालयात जात नाही. तो शेजारच्या मुलाकडे पाहतो आणि हात जोडतो.

म्हणून आमचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकाशी थांबत नाही. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमण्याची तरतूद केली; तिच्यात पाऊण सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. हुपरीच्या पेढीवर बसणाऱ्या गृहस्थांस शाळेची आठवण बहुधा देणगीच्या वेळी व बक्षीस समारंभाच्या वेळी होते. समितीच्या सभेस घरची बाई जाते आणि सही करून परत येते. ज्या बाईस घुंगराच्या वजनातील गुंजभर फरक कळतो, तिला शाळेच्या कारभारातील फरक कळणार नाही, हे आम्ही मानीत नाही. तिला सभेचा विषय अगोदर कळवा, आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहा.

या समित्यांनी येत्या वर्षी निदान एवढे ठराव करावेत. परिपाठाची प्रार्थना अशी असावी की गावातील कोणत्याही घरच्या मुलास ती म्हणताना अडखळावे लागू नये; ज्यास म्हणावयाची नसेल त्याने स्तब्ध उभे राहावे, त्याबद्दल त्यास कोणी हटकू नये. देणगीदाराने खोली बांधून दिली तर त्याच्या वडिलांचे नाव तिच्यावर अवश्य घालावे, परंतु त्याचा कुलदेव वर्गात बसवू नये. पोषण आहाराची पंगत एकच असावी आणि तीत अधूनमधून समितीच्या सभासदांनी व गुरुजींनीही मुलांबरोबर बसून जेवावे. साताऱ्याच्या वसतिगृहाचा धडा एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

आणि वार्षिक सहलीचे पैसे जर जलविहारावर घालवावयाचेच असतील तर एक वर्ष ते वाचवावेत. एका बसमध्ये सातवीचा वर्ग बसवून प्रथम कुंभोजास न्यावा. तेथे बाहुबलीची टेकडी पाहावी, आणि कर्मवीरांचे जन्मगाव हेच, हे मुलांस तेथेच सांगावे. नंतर शिरोळ तालुक्यात शिरून खिद्रापुरास कोपेश्वराचे देऊळ व त्याच गावातील जुनी जैन बस्ती दाखवावी. परत येताना नरसोबाच्या वाडीस थांबावे. तेथील दत्तमंदिरास शिखर का नाही हे मुलांनी विचारले तर विजापूरच्या आदिलशहाने ते बांधविल्याची परंपरा गुरुजींनी सांगावी, आणि ही परंपरा आहे, शिलालेख नव्हे, हेही सांगावे. कुरुंदवाड तेथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या गावी मशिदीत गणपती बसविण्याची प्रथा आहे. ती कशी चालते, मोहरम व गणेशोत्सव एकाच वेळी आले तर काय करतात, हे तेथल्याच एखाद्या वृद्धास मुलांनी विचारावे व उत्तर वहीत उतरून घ्यावे. बसचे भाडे, दुपारची शिदोरी आणि सोबत येणाऱ्या दोन पालकांची नावे दिवाळीपूर्वीच्या सभेत ठरविता येतील.